बारा सेकंदांचं भूत

(नांदगाव येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला इथे बोलावणाऱ्यांनी फोनवर सांगितलं, "शिबिरातली मुलंमुली उद्या रात्री एका भयपटाचा ट्रेलर शूट करणार आहेत. तुम्हीही कॉलेजात असताना नांदगावातच असा ट्रेलर केला होता. तेव्हा येऊन चार गोष्टी सांगा." मी लगेच हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर काळजीत पडलो. मी काही सिनेमावाला नाही. पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आयुष्यात एकच ट्रेलर केला, अडीच मिनिटांचा. तो स्पर्धेत तिसरा आला. त्याचं प्रमाणपत्र अम्मीने अजून कपाटात जपून ठेवलंय.

पण आज मला त्या अडीच मिनिटांपेक्षा त्यात नसलेल्या बारा सेकंदांबद्दल बोलायचं आहे. ते बारा सेकंद आम्ही स्वतः कापून टाकले होते. आणि आमच्या सगळ्या कामातलं तेच सर्वांत जास्त पाहिलं गेलं. त्यापायी एका म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतलं होतं.

भयपटच का?

गोष्ट डिसेंबर २०११ ची. माझं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. गॅदरिंगमध्ये एक स्पर्धा होती: न बनलेल्या सिनेमाचा ट्रेलर करा, मर्यादा तीन मिनिटं. आम्ही पाच जण. तिघं नांदगाव-मनमाडकडचे, दोघं हॉस्टेलमधले. एकाचा मोठा भाऊ लग्नाचे फोटो काढायचा. त्याच्याकडे नवा डीएसएलआर होता. लग्नाची तारीख नसेल त्या दिवशी तो कॅमेरा आमचा.

भयपट आम्ही कलेसाठी निवडला नाही. स्वस्त पडतो म्हणून निवडला. अंधाराला भाडं लागत नाही, आणि जो दिसतच नाही त्या नटाला मेकअप लागत नाही. जगभरच्या हौशी पोरांनी हाच हिशोब केलाय. अमेरिकेत सॅम रायमीने मित्रांना गोळा करून १९७८ मध्ये 'विदिन द वूड्स' नावाचा अर्ध्या तासाचा भयपट केला. हेतू एकच होता, पैसे लावणाऱ्यांना दाखवायला हातात काहीतरी असावं. त्यातून पुढे १९८१ चा 'द ईव्हिल डेड' उभा राहिला. ओरेन पेली हा तर आमच्याच धंद्यातला, प्रोग्रॅमर. त्याने २००६ मध्ये स्वतःच्या राहत्या घरात, सात दिवसांत, साधारण पंधरा हजार डॉलरमध्ये 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' शूट केला. आपल्याकडे रामसे बंधूंनी १९७२ मध्ये 'दो गज ज़मीन के नीचे' केला. घरची माणसं आणि थोडी मंडळी घेऊन ते महाबळेश्वरला गेले आणि तिथेच राहून शूटिंग केलं. मोठा सेट नाही, मोठे स्टार नाहीत.

पण आम्हाला खरी हिंमत दिली ती इथून चाळीसेक किलोमीटरवरच्या मालेगावने. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. काम करणारी माणसं गावातलीच, बरीचशी यंत्रमागांच्या दुनियेतली. ट्रॉली नाही म्हणून कॅमेरावाला सायकलवर, क्रेन नाही म्हणून बैलगाडी. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला, तो गुटखा-तंबाखूशी लढणारा. फैजा अहमद खान यांनी त्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो आम्ही हॉस्टेलच्या खोलीत एका कॉम्प्युटरसमोर दहा जणांनी दाटीवाटीने बसून पाहिला. त्यात सुपरमॅन झालेले शफीक शेख २०११ मध्येच कॅन्सरने गेले होते. आम्हाला हे ठाऊक होतं, त्यामुळे हसता हसता सगळे मध्येच गप्प व्हायचे. या मंडळींवर आता 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी सिनेमा निघाला, २०२५ मध्ये थिएटरात लागला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. मला एवढंच म्हणायचंय की कॅमेरा घेऊन रानात जाणं हे आपल्या भागात काही नवीन खूळ नाही.

जागा शोधताना

पहिली जागा सुचली ती रेल्वे. नांदगाव म्हणजे भुसावळ लाइन. रात्रीची मालगाडी, धुकं, सिग्नलचा लाल दिवा. पण अब्बा रेल्वेत कीमॅन होते. रोज पहाटे हातोडा घेऊन रुळांच्या चाव्या ठोकत मैलोन् मैल चालायचे. त्यांनी एका वाक्यात विषय संपवला. म्हणाले, "मैंने पटरी पे भूत कभी नहीं देखा, मरे हुए लोग देखे हैं." विनापरवाना रुळांवर जाणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, हे तर आहेच. पण त्यांच्या त्या वाक्यानंतर कायदा सांगायची गरजच उरली नाही. आज रील काढण्यासाठी रुळांवर उभं राहणाऱ्या पोरांना पाहिलं की मला ते वाक्य आठवतं.

दुसरी जागा कब्रस्तान. आमच्या डोक्यात रामसेंचे सिनेमे. कंदील, धुरकट कबरी, उघडणारी माती. कब्रस्तानाची व्यवस्था पाहणारे एक चाचा होते, त्यांच्याकडे परवानगी मागायला गेलो. त्यांनी रागावून हाकललं नाही. चहा मागवला आणि विचारलं, "बेटा, तू अपने दादा की कबर पे डरने जाता है क्या?"

मी म्हटलं, "नहीं चाचा."

"फिर दुसरों को डराने क्यों ले जा रहा?"

मग त्यांनी मालेगावची आठवण काढली. ८ सप्टेंबर २००६, जुम्मा, शब-ए-बरात. कब्रस्तानात आपल्या माणसांसाठी दुआ मागायला आलेल्या लोकांमध्ये बॉम्ब फुटले. चाचांचे एक नातेवाईक त्यात जखमी झाले होते. मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की मी ज्या जागेला 'लोकेशन' म्हणतोय, ती कुणाच्या तरी आयुष्यातली जागा आहे. आपल्या घरात कब्रस्तान ही भीतीची जागा कधीच नव्हती. तिथे आपण सलाम करून शिरतो. भीती सिनेमाने शिकवली, आणि आम्ही ती तशीच उचलून आपल्याच माणसांच्या उशाशी नेऊन ठेवणार होतो.

तिसरी जागा मित्राच्या ओळखीने मिळाली. रस्त्यापासून आत एक मळा, त्यात पडका वाडा आणि शेजारी कोरडी विहीर. मळ्याचे मालक आप्पा. आप्पा म्हणाले, "करा बिनधास्त. फक्त कांद्यात पाय देऊ नका."

घरी आल्यावर अब्बांचा दुसरा प्रश्न तयार होता. "बॅगेत काय काय असणार?"

मी यादी सांगितली. तीन बॅटऱ्या, वायरचं बंडल, ट्रायपॉड, सोल्डरिंग केलेले एलईडी दिवे, सेलोटेप.

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. तुम्ही तेव्हा लहान होता, म्हणून सांगतो. २००६ च्या मालेगाव प्रकरणात पकडलेल्या नऊ मुस्लिम तरुणांपैकी काही जण त्या नोव्हेंबरातच जामिनावर बाहेर आले होते. पाच वर्षं तुरुंगात काढून. त्यांना न्यायालयाने दोषमुक्त केलं ते पुढे २०१६ मध्ये. अशा दिवसांत इंजिनिअरिंगची मुस्लिम पोरं मध्यरात्री वायरी आणि बॅटऱ्या घेऊन रानात फिरणार, हे ऐकून बापाच्या पोटात काय कालवलं असेल, ते आज मी स्वतः बाप झाल्यावर कळतं. ते म्हणाले, "तुम्ही खेळ करताय. बघणाऱ्याला खेळ दिसेलच असं नाही."

दुसऱ्या दिवशी ते आम्हाला घेऊन पोलीस स्टेशनला गेले. कोऱ्या कागदावर अर्ज: पाच जणांची नावं, कॉलेजचं ओळखपत्र, तारखा, जागा, सामानाची यादी. तिथल्या साहेबांनी वाचून शिक्का मारून पोच दिली आणि विचारलं, "हिरोइन कोण?" गावच्या पोलीस पाटलांनाही एक प्रत दिली. माझा स्वाभिमान तेव्हा दुखावला होता. आमच्यातल्या हिंदू मित्रांच्या घरी ही काळजी कुणाला सुचलीही नव्हती. आपल्यालाच का द्यावा लागतो हा कागद, असं वाटलं. ते वाटणं चुकीचं नव्हतं. पण महिनाभराने तोच कागद आमच्या उपयोगी पडला, तेही सांगतो.

आपाचा बुरखा

पहिल्या रात्री आम्ही फक्त कॅमेरा टेस्ट करायला गेलो. भूत हवं होतं, पोशाख नव्हता. मी घरातून आपाचा जुना बुरखा उचलून आणला, तिला न विचारता. हॉस्टेलमधल्या सडपातळ मित्राने तो घातला, विहिरीच्या कठड्याआडून हळूहळू उभा राहिला, थांबला आणि झटकन कॅमेऱ्याकडे वळला. मागे कारचा हेडलाइट, समोर चादर लावून मऊ केलेला उजेड. बारा सेकंद. स्क्रीनवर पाहताना आमच्याच अंगावर काटा आला. आम्ही उड्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या प्रौढीने ते आपाला दाखवलं. आपा तेव्हा रोज गाडीने मनमाडला शिकायला जायची. तिने दोनदा पाहिलं. मग म्हणाली, "हा माझा बुरखा आहे."

"जुना होता, आपा."

"जुना असला तरी माझाच ना? उद्या संध्याकाळी मी असाच घालून स्टेशनवरून पायी घरी येणार. एखादं पोर मला बघून आईच्या मागे लपलं, तर समजवायला तू येणार आहेस का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मित्रांना सांगितलं. एक जण म्हणाला, "मग पांढरी साडी घेऊ, नेहमीसारखी." तेव्हा दुसरा, जो मनमाडचा होता, तो म्हणाला, "माझी आजी आजोबा गेल्यापासून तसलंच पातळ नेसते. रात्री उठून अंगणात येते, केस मोकळेच असतात. मला नाही जमणार."

आम्ही पाच जण आप्पांच्या बांधावर बसून विचार करत राहिलो. काळं घातलं तर माझी बहीण, पांढरं घातलं तर त्याची आजी. जटा वाढवल्या तर गोसावी, कफनी घातली तर फकीर, वेडेवाकडे हातवारे केले तर बाजारात फिरणारी ती मनाने आजारी बाई. आपण भूत म्हणून जे जे काढतो, ते आधीच कुणाच्या तरी अंगावर असतं. आणि ज्यांच्या अंगावर असतं ती माणसं बहुतेक वेळा एकटी, गरीब किंवा संख्येने थोडी असतात. पाटलाच्या कोट-टोपीतलं भूत कुणी काढत नाही. १९४९ च्या 'महल'पासून आपण मेणबत्ती घेऊन फिरणाऱ्या बाईला घाबरतोय. त्या सिनेमात ती भूत नसते, माळ्याची मुलगी असते. ते मात्र लोक विसरले.

मग आम्ही ठरवलं, भूत दाखवायचंच नाही. आपल्या तालुक्यात सगळ्यांना कशाची भीती वाटते? कोरड्या विहिरीची. फेब्रुवारीपासून टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला ती समजावून सांगावी लागत नाही. गोष्ट अशी केली: विहीर आटून दहा वर्षं झालीत, रहाटाला दोर नाही, तरी रात्री रहाट वाजतो आणि सकाळी कठड्यावर ओल असते. बस्स. एक मुलगा बादली घेऊन जातो, दोर आत सोडतो, आणि खालून कुणीतरी दोर ओढतं. काळा पडदा. नाव.

शूटिंगचे तपशील तुमच्या उपयोगाचे म्हणून सांगतो. रात्रीचे शॉट आम्ही रात्री घेतलेच नाहीत. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आकाश गडद निळं असतं, तेवढ्यात घेतले. पूर्ण अंधारात आमच्या कॅमेऱ्यात नुसते दाणे यायचे. तेवढ्या वेळासाठी दुपारभर तालीम केली. रहाटाचा आवाज मोबाइलवर दुसऱ्या, चालू विहिरीवर दुपारी घेतला, लोखंडी फाटकाची करकर त्यात मिसळली. कुत्री, इंजिनचा फटफट आवाज आणि लांबची गाडी यांनी आमचे निम्मे टेक खाल्ले. तेव्हा लोडशेडिंग कडक होतं. शेवटच्या दिवशी शॉट चालू असताना लांब गावातले दिवे एकदम गेले, आणि तो आमचा सर्वांत चांगला शॉट निघाला. चांगलं भय अर्धं कानात असतं, हे तिथे कळलं.

ट्रेलर झाला. तिसरा नंबर आला. आम्ही विसरलो.

कापलेला तुकडा

मी सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे हा भाग मला सगळ्यात जास्त लागतो. आमच्याकडे एक साधा नियम असतो: चाचणीसाठी बनवलेला डेटा खऱ्या सिस्टीममध्ये जाता कामा नये. आम्ही नेमकं तेच केलं. मेमरी कार्ड भरलं होतं, लॅपटॉप हॉस्टेलवर. म्हणून एका मोबाइल दुकानात जाऊन कार्डातलं सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. तेव्हा अशी दुकानं गल्लोगल्ली होती. वीस-तीस रुपयांत गाणी आणि पिक्चर कार्डात भरून द्यायची. आमचा सगळा माल त्या कॉम्प्युटरवरही राहिला. कुणीतरी ते बारा सेकंद पाहिले, आणि गाण्यांबरोबर दुसऱ्याच्या कार्डात गेले. मग ब्लूटूथवरून याच्याकडून त्याच्याकडे. नाव नाही, तारीख नाही, शेवटी हसणारी पोरं नाहीत. फक्त विहीर आणि वळणारी काळी आकृती. खाली कुणीतरी लिहिलं: अमुक मळ्यातली खरी घटना.

जानेवारीत मित्राचा फोन आला, तोवर बरंच घडून गेलं होतं. तुम्हाला माहीत आहे, शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. कांद्याला पाणी द्यायचं तर मध्यरात्री मोटार चालू करायला जावंच लागतं. त्या शिवारातले मजूर रात्री जाईनात. आप्पांच्या शेजाऱ्याचा कांदा पिवळा पडला. घरात संडास नसलेल्या बाया पहाटे रानात जायला घाबरू लागल्या. एक भगत विहीर बांधून देतो म्हणून कोंबडा आणि पैसे मागून गेला. आपलेही मागे नव्हते, कुणीतरी दाराला लावायचे तावीज विकत होतं.

आणि मग लोबानवाले बाबा. नांदगावात दर जुमेरातला ते दुकानोदुकानी फिरायचे. हातात धुपाटणं, मोरपिसांचा कुंचा, अंगात काळी कफनी. हिंदू-मुसलमान सगळी दुकानं त्यांना दोन-पाच रुपये द्यायची. ते शेजारच्या खेड्यात राहायचे आणि फजरच्या आधी चालत निघायचे. त्या पहाटे मळ्याच्या वाटेवर सात-आठ पोरं काठ्या घेऊन टपून बसली होती. त्यांना अंधारात काळा झगा दिसला.

बाबा वाचले ते आप्पांमुळे. आप्पा मोटार बंद करून परतत होते. बॅटरीचा झोत तोंडावर पडला आणि ते ओरडले, "अरे थांबा रे, हे आपले बाबा आहेत!" तोवर कपाळ फुटलं होतं, मनगट सुजलं होतं. तीन टाके पडले. मारणाऱ्या पोरांपैकी दोघं आमच्या शूटिंगला दोर धरायला आलेले होते. बारा सेकंदांतलं भूत कोण आहे, हे त्यांना माहीत नव्हतं, कारण पहिल्या रात्री ते नव्हते.

पारावर

अब्बा म्हणाले, "जाऊन सांगावं लागेल. आणि तुम्हीच." मला भीती वाटत होती. मुसलमान पोरांनी मुद्दाम भूत सोडलं, असं कुणी म्हणालं तर? इथे तो कागद उपयोगी पडला. पोलीस पाटलांकडे आमच्या नावांची, तारखांची प्रत होती. ते स्वतः म्हणाले, "ही पोरं सांगून आली होती, चोरून नाही."

मारुतीच्या पारासमोर भिंतीला चादर लावली. लग्नवाल्या भावाचा प्रोजेक्टर आणला. आधी अडीच मिनिटांचा ट्रेलर दाखवला. मग ते बारा सेकंद. सगळे गप्प. मग त्याच शॉटचे त्याआधीचे चार टेक दाखवले, ज्यात भूत बुरख्यात पाय अडकून पडतं आणि आई गं म्हणून ओरडतं. लहान मुलं हसली, मग मोठे हसले. मी उभा राहून माफी मागितली. आवाज नीट फुटत नव्हता.

तेव्हा आपा पुढे आली. ती येणार हे मला माहीत नव्हतं. तिने नकाब वर केला आणि बायकांच्या बाजूला वळून एवढंच म्हणाली, "तो बुरखा माझा होता. यात मी असते. मी रोज सहाच्या गाडीने येते." एका म्हाताऱ्या बाईने तिला जवळ बसवून घेतलं. बाकी काही भाषण झालं नाही.

सगळं सुरळीत झालं, असं सांगून मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. रात्रीचं पाणी पुन्हा सुरू झालं. पण बाबांकडे माफी मागायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "मार का क्या है बेटा, भर जाता है. चार दुकानवाले अब अंदर नहीं बुलाते." ज्यांनी पूर्ण दाखवलेलं पाहिलं त्यांची भीती गेली. पण बारा सेकंद पारावर न आलेल्या माणसांपर्यंतही पोचले होते. तुकडा जितका लांब जातो, तितका खुलासा कधीच जात नाही. बाबा पुढे तीन-चार वर्षांनी वारले. काही दुकानं शेवटपर्यंत बंदच राहिली.

एक जुलै

१ जुलै २०१८, रविवार. मी पुण्यात होतो. त्या आठवड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज आमच्याही फॅमिली ग्रुपवर येत होते. संध्याकाळी बातमी आली: धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूरकडची, भिक्षा मागत फिरणारी माणसं. मालेगावातही त्याच सुमारास अशाच संशयावरून जमावाने काही जणांना घेरलं होतं. पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं म्हणून ते वाचले.

त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तुम्हाला आठवत असेल. मोटारसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. तो खरा नव्हताच. कराचीत, मुलांची काळजी घ्या असं सांगण्यासाठी काढलेली ती जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं परत येतात, मुलाला उतरवतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. उरलं ते भूत. ज्यांनी ती फिल्म काढली, त्यांचा हेतू आमच्यापेक्षा कितीतरी चांगला होता. तरीही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. आमच्या धंद्यातल्या लोकांना ही अक्कल माणसं मेल्यावर आली.

आणि खोटं खरं म्हणून खपवणं ही भयपटाच्या धंद्यात हुशारीही मानली जाते. १९९९ च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ची जाहिरातच अशी होती की यातले विद्यार्थी खरंच बेपत्ता झालेत. तशी पत्रकं वाटली गेली. त्यातल्या मुख्य अभिनेत्रीच्या आईला लोकांची सांत्वनपत्रं आली, मुलगी घरात जिवंत असताना. सिनेमा प्रचंड चालला. त्या आईचं काय, हे कुणी मोजलं नाही.

उद्यासाठी

तुम्ही भयपट करू नका, असं मी अजिबात म्हणत नाही. करा, आणि चांगला करा. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' पाहा: उसाच्या फडात हरवलेली गरोदर बाई, आणि खरी भीती कशाची, तर मुलगी नको असलेल्या घरांची. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' पाहा: पावसासाठी कित्येक पावसाळे थांबून केलेला, आणि त्यातला राक्षस म्हणजे माणसाची हाव. दोन्हीत भीती जिथून येते ते ठिकाण खरं आहे, म्हणून ती टिकते.

फक्त उद्या निघण्याआधी काही कामं करा. पोलीस पाटलांना, मळ्याच्या मालकाला आणि शेजारच्या दोन वस्त्यांना सांगा. नुसती परवानगी नको, कधी उजेड दिसेल, कधी किंकाळी ऐकू येईल तेही सांगा. रुळांवर आणि विहिरीच्या कठड्यावर कुणी चढायचं नाही. प्रत्येक टेकच्या आधी पाटी धरा आणि शेवटी 'कट' म्हटल्यावर पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवा, म्हणजे भूत हसताना दिसेल. कापलेले तुकडे रात्रीच एका ठिकाणी जमा करा आणि फोनमधून पुसा. ट्रेलरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत कोपऱ्यात सिनेमाचं नाव ठेवा, कारण तुकडा पाडणारा शेवटची पाटी आधी कापतो. हे सगळं आता फोनवर पाच मिनिटांत होतं.

आणि भुताचा पोशाख ठरवताना एक प्रश्न विचारा: हा पोशाख उद्या सकाळी रस्त्यावर कोण घालणार आहे? उत्तर मिळालं, तर तो पोशाख बदला. आपण मुस्लिम तरुण अनेकदा तक्रार करतो की सिनेमावाले आपल्याला दाढी-टोपीतला खलनायक बनवतात. तक्रार खरी आहे. पण कॅमेरा आपल्या हातात आला तेव्हा मी पहिल्याच रात्री माझ्या बहिणीला भूत बनवलं होतं, आणि नंतर एका फकिराला मार खायला लावला.

कायद्याबद्दल एक वाक्य. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, भुताची भीती घालून लुबाडणं हा त्यात गुन्हा आहे. तो भगत आज आला असता, तर पाटलांना त्याच्यासाठीही एक कागद लिहिता आला असता.

आप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत. सकाळी भेटून आलो. ती विहीर त्यांनी खोल करून घेतलीय, डिसेंबरपर्यंत पाणी राहतं. उद्याच्या शूटिंगचं सांगितलं, तर म्हणाले, "येऊ दे. पण रात्री मोटार चालू करायला मी येणार आहे, मला बघून पळू नका म्हणावं."

तेवढं लक्षात ठेवा. आता तुमचे प्रश्न.